पट्टेरी पोटाचा राजहंस

भाऊ जाऊन आता दोन महिने झाले. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. मी घडलं ते लिहितो.

चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी गावच्या शाळेत मास्तर होतो. मोठा भाऊ तलावावर मासे धरायचा. आमचं घर ढिवरांचं. त्यात शिकलेला मी एकटा. मी पुस्तक उघडलं की तो म्हणे, "कागदाले गळ लाव, लागंल एखादा मासा." मी उत्तर देत नसे. न बोलणं हा माझा टोमणा होता आणि तो त्याला बरोबर कळायचा.

हिवाळ्यात तलावावर राजहंस उतरत, डोक्यावर दोन काळ्या रेघांचे. पहाटे ते धान कापल्यावर बांध्यांमध्ये पेरलेलं लाखोळीचं कडधान्य चरायला जात आणि लोक डबे बडवून त्यांना हाकलत. त्या पौषात भाऊ म्हणाला, "त्यायच्यात एक परका आहे. चोचीपाशी पांढरा, पोटावर काळे पट्टे. जन्मात नाई पाह्यला."

दोन सकाळी मी तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, बसलो आणि तो मलाही दिसला. माझ्याजवळच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं. इतक्या खाली दक्षिणेला तो क्वचितच येतो असंही लिहिलं होतं. चंद्रपूरची काही हौशी मंडळी दर हिवाळ्यात दुर्मिळ पक्ष्यांची यादी काढत. त्यांना मी पत्र टाकलं. उत्तर आलं की खेड्यातल्या शिक्षकाचा उत्साह स्तुत्य आहे, परंतु आपण पाळीव बदक पाहिलं असावं; तरी रविवारी येऊन खात्री करू.

ते पत्र मी भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. "तो त्यांना दिसलाच पाहिजे," मी म्हणालो, "नाही दिसला तर मी या गावात मास्तर म्हणून तोंड दाखवणार नाही."

रविवारी जीपमधून तिघे उतरले. पुढे एक इंजिनिअर साहेब, गळ्यात दुर्बीण. पाळीवर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "काऊन गुरुजी, पाहुणे दुर्बिणीनं मासे धरतेत का?" मीही हसलो नाही, साहेबही नाही.

भाऊ आमच्या वाटेतच उभा होता. पायाशी कोंबड्या झाकायची टोपली पालथी होती. त्याने ती उचलली. खाली तो राजहंस होता, पाय दोरीने बांधलेला, एक पंख लोंबलेला.

"लाखोळीत फासे लावले पहाटे," तो मला म्हणाला. साहेबांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. "थे उडून गेले असते तं तुयं तोंड काळं झालं असतं ना? आता पाहू दे त्यायले, पोटभर."

आमच्याकडे कोणी लांबून काही पाहायला आलं तर ते त्याच्या हातात द्यायचं. मासा असो की घोरपड. लांबून दाखवणं म्हणजे कंजूषपणा. भावाला यात काही चुकलं असं वाटायचं कारणच नव्हतं. मला वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंदच झाला.

साहेबही आधी खूश झाले. मांडीवर घेऊन त्यांनी पोटावरचे पट्टे मोजले. "तोच आहे," म्हणाले. तेवढ्यात आलापल्लीहून नवा बदलून आलेला वनरक्षक सायकलवरून पाळीवर आला, आणि साहेबांनी पक्षी पटकन जमिनीवर ठेवला.

"कोणी पकडला हा?" ते ओरडले. "रानटी लोक! म्हणून जंगलं रिकामी झाली!"

भाऊ म्हणाला, "साहेब, आताच तं मांडीवर घेऊन बसले होते."

पंचनाम्याला दोन सह्या लागत होत्या. एक साहेबांनी केली. वनरक्षकाने कागद माझ्यापुढे धरला. आमच्या गावात अर्ध्या घरांचं आडनाव एकच, म्हणून त्याने विचारलं, "हा तुमचा कोण?"

भाऊ माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"गावातला आहे," मी म्हणालो आणि सही केली.

पक्षी दुपारी मेला. भावाला रेंज ऑफिसात तीन दिवस बसवून ठेवलं, जाळी जप्त झाली. तो आला तो बायको आणि भांडी घेऊन घराच्या मागच्या खोलीत गेला. आमच्यामध्ये मातीची भिंत उभी राहिली. ती त्याने स्वतः बांधली आणि मी बांधू दिली.

उन्हाळ्यात सायक्लोस्टाईल केलेली यादी टपालाने आली. पट्टेरी पोटाचा राजहंस, एक. पाण्यावर विहरताना पाहिला. निरीक्षक म्हणून साहेबांचं नाव, आणि खाली माझं. ते खोटं आहे असं मी कुणाला कळवलं नाही. उलट ती यादी मी शाळेत भिंतीला लावली.

कोणीतरी भावाला सांगितलं असावं. तो प्रथमच शाळेत आला. पोरांसमोर म्हणाला, "वाच." मी वाचलं.

"पाण्यावर होता म्हणते," तो म्हणाला. "मंग मले काऊन नेलं?"

मी म्हणालो, "शाळा चालू आहे. बाहेर जा."

त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मीही नाही. एवढ्या वर्षांत चार वेळा तरी मी भिंतीपलीकडे जायला निघालो असेन, आणि दर वेळी ते "मांडीवर घेऊन बसले होते" आठवून मला त्याचाच राग आला. तो खरं बोलला होता याचा राग.

तेरवीला मी गेलो. घरचे लोक राबत होते, पाणी वाढत होते. मीही तांब्या उचलला. वहिनीने तो माझ्या हातातून काढून घेतला. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला भाऊजी म्हणायची.

"राहू द्या गुरुजी," ती म्हणाली. "तुम्ही गावातले. पहिल्या पंगतीत बसून घ्या."

मी बसलो. आणि जेवलो.