चंद्राआडची फेरी

सकाळी टीव्हीवर चंद्राला फेरी घालायला गेलेलं यान दाखवत होते. माणसं नेण्याजोगं, पण चाचणी म्हणून आत नुसता एक पुतळा बसवलेला, पट्टे आवळून, शहाण्या मुलासारखा. यान चंद्राच्या पलीकडे गेलं आणि त्याच्याशी बोलणंच थांबलं. इथे पृथ्वीवर सगळे गप्प. माझ्या हातातली मेथीही तशीच.

"अगं, पुतळा आहे तो," आमचे हे म्हणाले. "त्याच्यासाठी कसला जीव टांगून बसलीस?"

आता यांना काय सांगू! गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आज हे पहिल्यांदाच एकटे खाली जाणार होते, इमारतीला एक फेरी मारायला. काल यांची काठी घेऊन मीच ती वाट चालून आले, कुठे फरशी हलते, कुठे शेवाळ आहे ते बघत. शेजारची विचारते कशी, "काकू, तुम्हालाही काठी लागली का हो?"

पण वाट कितीही तपासा, आपलं माणूस नजरेआड असतं तेवढा वेळ कसा जायचा, त्याची चाचणी कोण घेणार?

हे इमारतीमागे वळले आणि दिसेनासे झाले. मी खिडकीत. ऊन जागच्या जागी तरंगत होतं, झाडं श्वास धरून उभी, आणि मीही कुठेतरी वरच, अंगात वजन नसल्यासारखी.

मग पलीकडच्या कोपऱ्यावर आधी काठी दिसली, मागून हे. मी हात वर केला. यांनी वर बघितलंच नाही. फाटकापाशी क्षणभर थांबले, आणि निघाले की दुसऱ्या फेरीला!