पडत्या भावात विकायचं नाही

मागच्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजात माझ्याविषयी अशी समजूत पसरली होती की मला मधुमेह झाला आहे. मी तिथलं वाचनालय सांभाळतो. सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत दर वीस मिनिटांनी मी उठून बाथरूमला जायचो आणि परत येताना माझा चेहरा उतरलेला असायचा. आमचा शिपाई जुना, मायाळू माणूस. त्याने एक दिवस मला कपाटाआड गाठलं.

"सर, राग नका मानू. रोज सकाळी मेथीचं पाणी घेत जा. माह्या साळ्याले लय फरक पडला."

मी घेऊ लागलो. बाथरूममध्ये उभा राहून मोबाईलवर शेअर बाजार पाहतो, हे सांगण्यापेक्षा मधुमेह बरा होता.

त्या मोबाईलमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं घर होतं. म्हणजे घराचे पैसे. आई गेल्यावर आम्ही दोघा भावंडांनी आमच्या गावचं, आंजीचं तीन एकर वावर विकलं. माझा हिस्सा माझ्या घराचं कर्ज फेडण्यात गेला. तिचा हिस्सा तिने माझ्याकडेच ठेवला. तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवतो, मनाने राजा आहे, कोणी हात पसरला की याचा हात खिशात.

"दादा, माह्या घरी राह्यले तं चार महिन्यांत सगळे पाहुण्यांच्या पोटात जातीन," ती म्हणाली होती. "तुह्याजवळच राहू दे. मले रजिस्ट्रीच्याच दिवशी देजो."

पिपरी मेघेत ती चौदा वर्षं एकाच घरात भाड्याने राहत होती. दोन खोल्या, पुढे अंगण, फाटकाशी तिनेच लावलेला शेवगा. घरमालक पोराकडे पुण्याला जायला निघाले होते. त्यांनी घर आधी तिला देऊ केलं, दिवाळीपर्यंतची मुदत दिली. नाही जमलं तर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. त्याला घर पाडून फ्लॅट बांधायचे होते. सध्या तिथे फ्लॅटच उभे होत आहेत. मी त्या रस्त्याने जात नाही.

माझी अक्कल कुठे गेली हे सांगायचं तर बाबांच्या कापसाचं सांगावं लागेल. आंजीला आमच्या घरी कापूस वेचला की लगेच विकायची पद्धत नव्हती. तो समोरच्या खोलीत भरायचा, थेट आढ्यापर्यंत. दारातून आत जायला बोळकांडीएवढी वाट उरायची. आम्ही भावंडं त्या ढिगावरच झोपायचो आणि होळीपर्यंत अंग खाजवून खाजवून लाल व्हायचो. आई कुरकुर करायची. बाबा पेपरातला भाव वाचून पेपर घडी घालून ठेवायचे आणि म्हणायचे, "पडत्या भावात विकाचं नाई. भाव येईन."

एका वर्षी खरंच आला. व्यापारी दारात गाडी लावून उभा आणि बाबा खाटेवर मांडी घालून आरामात सुपारी कातरताहेत, हा देखावा मी नात्यातल्या प्रत्येक लग्नात सादर केला आहे. व्यापाऱ्याचा घाम, बाबांचा अडकित्ता, सगळं आवाजासकट. त्या वर्षी घरावर नवे टीन आले, आईला पाटल्या झाल्या. बाकीच्या वर्षी काय व्हायचं? पेरणी तोंडावर आली की बियाण्याला पैसा लागायचा आणि दिवाळीपेक्षा कमी भावात, सुकून हलका झालेला कापूस बाबा मुकाट्याने गाडीत भरून द्यायचे. या वर्षांची गोष्ट मी कधी सांगितली नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? कोणी हसलं नसतं. न सांगता न सांगता ती वर्षं मी विसरूनच गेलो. घराण्यातला गोष्टीवेल्हाळ माणूस म्हणून मला मान आहे, पण जी गोष्ट रंगते तीच खरी, असं गोष्ट सांगणाराच आधी मानू लागतो.

तर मी बाजारात उतरलो तो हे एवढं भांडवल घेऊन. सुरुवातीला पगारातले थोडे पैसे होते. शेअर घ्यायचा, दोन रुपये वाढला की विकायचा. पडला तर विकायचा नाही, कारण भाव येईन. या हिशेबाने तीन महिन्यांत जे धावणारे घोडे होते ते सगळे मी विकून मोकळा झालो आणि लंगडे तेवढे माझ्या तबेल्यात जमले. पण मी ते नुकसान धरतच नव्हतो. विकलं नाही तर नुकसान कसलं? उलट रोजच्या दोन-दोन रुपयांच्या फायद्यातून मी स्टाफरूममध्ये आलूबोंडे आणायचो.

बायकोला वास लागला होता. "काहो, पगार वाढला का तुमचा?"

"काऊन?"

"नाई, आजकाल रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी भांडून नाई राह्यले तुमी."

मग मी ऑप्शनमध्ये शिरलो. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: यात शेअर हातात येत नाही. अमक्या दिवसापर्यंत बाजाराचा आकडा अमक्याच्या वर गेला तर पैसे, नाही तर शून्य. त्या मधल्या काळात तुम्ही नुसती वाट पाहत असलात तरी तुमच्या कागदाची किंमत रोज थोडी थोडी झिजते. हे सगळं ॲपवर लिहिलेलं होतं. मीही ते वाचलं होतं, गाडीवर 'हॉर्न द्या' वाचतात तसं.

पहिल्याच डावात अकरा मिनिटांत माझा पंधरा दिवसांचा पगार सुटला. मी जागेवर येऊन बसलो. एक मुलगी वनस्पतिशास्त्राचं पुस्तक मागत होती, मी तिला इतिहासाचं दिलं. ती बिचारी घेऊन गेलीसुद्धा. त्या दिवशी मी हरलो असतो तर त्या पावसाळ्यातलं मेथीचं पाणी तेवढं लक्षात राहिलं असतं, बाकी काही नाही.

त्याच संध्याकाळी मला बहिणीची आठवण झाली. तिचे पैसे बँकेत नुसते पडून. घर घेतल्यावर स्वयंपाकाचा ओटा नवा करायचा म्हणत होती, तेवढे तिच्याकडे उरत नव्हते. मी ते वाढवून देणार होतो. रजिस्ट्रीच्या दिवशी पाकीट हातात ठेवायचं आणि म्हणायचं, हा घे तुझा ओटा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. चोरी करायला निघालेल्या दुसऱ्या कुणा माणसाला इतकं पुण्यवान वाटत असेल असं मला वाटत नाही.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मी तिच्या पैशांतून पहिला मोठा डाव घेतला. शुक्रवारी घेतला, सोमवारी निम्मा झाला. तेव्हा विकला असता तर निम्मे तरी वाचत होते. बोट त्या बटणापर्यंत गेलंही. पण खोलीभर कापूस आणि सुपारी कातरणारे बाबा माझ्या डोळ्यांपुढे होते. विकलं तर नाहीच, उलट स्वस्त मिळतंय म्हणून आणखी घेतलं.

बाथरूममध्येच फोन वाजला. बहीण होती.

"दादा, मालक म्हणून राह्यले, घर तुमचंच होणार आहे, ओट्याचं काम आतापासून करून घ्या. मिस्त्री भेटला हाय एक, पैसे हप्त्यानं घेतो म्हणते. लावू का?"

स्क्रीनवर लाल आकडा खाली उतरत होता.

"दादा? आवाज नाई येऊन राह्यला का?"

"लाव," मी म्हणालो.

"नक्की ना? मग मी उद्याच मोडतो जुना ओटा."

"मोड."

दुसऱ्या दिवशी त्या कागदाची मुदत होती. दुपारी तीनला त्याची किंमत चार रुपये होती, मग दीड, मग पाच पैसे. साडेतीन वाजले आणि ती ओळच स्क्रीनवरून गेली. कापसात उंदीर शिरले तरी मागे सरकी राहते, झाडून गोळा करायला काहीतरी राहतं. बाबांची गोष्ट मी चुकीच्या मालाला लावली होती. खोली भरून मी बर्फ साठवला होता आणि भाव यायची वाट पाहत बसलो होतो.

इतकं समजल्यावर माणूस थांबतो. मी थांबलो नाही. गेलेले परत आणायचे होते ना. पुढचे दोन महिने मी बाजारात नव्हतोच, मी त्या गेलेल्या पैशांच्या मागे धावत होतो. कधी दोन दिवस जिंकायचो, तिसऱ्या दिवशी चार दिवसांचं हरायचो. जिंकलो तरी, हरलो तरी दर वेळी दलालीचा आणि कराचा तुकडा तुटत होता, त्याकडे मी पाहिलंही नाही. आंजीला व्यापारी दारात यायचा. त्याचा चेहरा दिसायचा, तो घाईत आहे का, त्याला माल हवाच आहे का, हे कळायचं. इथे माझ्यासमोर कोण आहे हे मी कधी विचारलं नाही. जो कोणी होता त्याचं दिवसभराचं तेवढंच काम होतं, त्यासाठी त्याच्याजवळ यंत्रं होती. आणि मी बाथरूममध्ये, एक कान दाराशी, शिपाई बाहेरून विचारतोय, "सर, बरं हाय ना?"

दरम्यान बहिणीचे फोन येत राहिले. ओटा मोडला. नव्याला काळा कडप्पा घ्यावा की हिरवा मार्बल? सध्या अंगणात गॅस मांडून स्वयंपाक करते आहे, पण गंमत वाटते आहे. रजिस्ट्री झाली की सगळे मिळून गिरडला दर्शनाला जाऊ, व्हॅन आहेच. मी प्रत्येक फोनला हो म्हणत गेलो.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ती दुपारी घरी आली. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात आधार कार्डाच्या झेरॉक्स, फोटो. माझ्या बायकोने चहा ठेवला होता.

"दादा, गुरुवारची तारीख भेटली. साक्षीदार म्हणून तुले याचं लागीन. अन् बँकेतून चेक काढून ठेवजो."

"पैसे नाई हायेत," मी म्हणालो.

"बँकेले सुट्टी हाय का?"

"नाई. मी शेअर बाजारात लावले होते. गेले."

आत चहा उतू गेला, त्याचा वास आला, तरी बायको दारातच उभी. तिलाही हे आत्ताच कळत होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे माझ्यासाठी टोमणा नव्हता.

बहीण आपल्या हातांकडे पाहत होती. नखांत सिमेंट होतं.

"पण मी तं ओटा मोडला," ती म्हणाली. जणू माझ्या हे लक्षातच आलं नसेल आणि आता कळल्यावर मी काहीतरी करीन.

मी मान खाली घातली. ती रडेल, पिशवी फेकेल, नवऱ्याला फोन लावेल, या सगळ्याची मी तयारी केली होती. दोन महिने तेवढीच तर एक तयारी करत होतो.

"सगळेच गेले?"

"तिसरा हिस्सा राह्यला."

तिने बाहेर काढून ठेवलेल्या झेरॉक्स बाजूला सारल्या. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ आली, बायकोला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात बोलू लागली. शिंप्याला उरलेल्या कापडाविषयी विचारावं तसा तिचा आवाज होता.

"दादा, मग तेवढे अजून लावले तं सगळे परत येतीन का?"

आयुष्यात तिने बँकेची स्लिपसुद्धा माझ्याकडून भरून घेतलेली. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, तिथे काय उमटतं ते वाचत होती. 'नाही' हा एवढा लहान शब्द आहे. मला तो म्हणायचा होता, मी त्यासाठी तोंडही उघडलं.

"आज बाजार बंद राह्यते," मी म्हणालो. "उद्या उघडते."

तिने मान हलवली, झेरॉक्स पिशवीत नीट भरल्या आणि म्हणाली, "मग उद्या येतो मी."