ट्रॅक्टरच्या हिशेबानं सजवलेली जीप

हसू नका असं सांगून उपयोग नाही, तुम्ही हसणारच. तेव्हा चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल. जीपला टायर बसवताना मी जो पराक्रम केला, तो आमच्या घरात आजही आल्यागेल्याला ऐकवतात. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेला बरा!

आमचा मळा पिंपळगाव बसवंतच्या पुढे, हायवेपासून बराच आत. फाट्यावर एसटीतून उतरलं की निम्मी वाट मुरमाची आणि निम्मी काळ्या मातीची. ही काळी माती पावसाळ्यात काय चीज असते, ते तुम्हा शहरातल्यांना कसं सांगू? एकदा चप्पल घेतली की परत देत नाही!

त्या मातीपायी माझ्या धाकट्या बहिणीचं, शकूचं, लग्न अडलं होतं. एक स्थळ तर फाट्यावर उभं राहून चिखल बघूनच परतीच्या एसटीत बसलं. "आमची माणसं पुढं येणार-जाणार कशी?" असा निरोप आला. आणि आता ऐन श्रावणात घोटीचं स्थळ येणार होतं. मुलगा मास्तर. शकूनं त्याला मामाच्या गावी एका लग्नात पाहिला होता, आणि तेव्हापासून ती उठताबसता घोटीच्या तांदळाचं कौतुक करायला लागली होती. आता यावरून काय ते तुम्हीच ओळखा. हे स्थळ परत जाऊन चालणार नव्हतं.

वडील म्हणाले, "फाट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली धाडू." वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो.

"अण्णा, पोरगी बघायला येणारी माणसं म्हंजी काय कांद्याच्या गोण्या हायेत? मी जीप नेणार!"

"तिचे टायर बघितलेस का? पार गोटा झालेत."

"नवे टाकतो."

"पैशे?"

"स्वस्तातले टाकतो!"

झालं. मी एकदा टाकतो म्हटलं म्हणजे टाकतो. तसा मी लहानपणापासून हट्टी. आमची जीप देवळालीच्या लष्करी लिलावातली, वयानं माझ्याच बरोबरीची, आणि स्वभावही साधारण तोच.

दुसऱ्याच दिवशी नाशिकला द्वारका चौकात गेलो. तिथे एक जुन्या टायरवाला होता. त्याच्याकडे जीपचे चार सारखे टायर होते, पण भाव ऐकून मी ते नुसते हातानं चोळून ठेवून दिले. मग कोपऱ्यात वेगळे पडलेले दिसले. दोन लहान, दोन चांगले दांडगे. नक्षी कशी खोल, बोट आत जाईल अशी!

"हे कसे दिले?"

"शेठ, ते जोडीजोडीनं पडलेत. चार एका मापाचे नाहीत, म्हणून कुणी घेत नाही. नेताय तर निम्म्यात न्या."

आणि तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कसला प्रकाश, अंधारच तो, पण त्या वेळी लख्ख वाटला! अहो, ट्रॅक्टरला काय असतं? मागची चाकं मोठी, पुढची लहान. चिखलातून कोण निघतो? ट्रॅक्टर! मग जीपला चारही चाकं सारखी लावायची हा कुठला शहाणपणा?

"मोठे मागं, लहान पुढं," मी म्हणालो.

"चालेल का पण?" त्यानं विचारलं.

"ट्रॅक्टर बघितलाय का कधी?"

"बघितलाय."

"मग झालं तर!"

गिऱ्हाईकच एवढं खात्रीनं बोलतंय म्हटल्यावर तो बिचारा काय करणार? त्यानं मुकाट्यानं बांधून दिले.

मागचे टायर बसेनात, म्हणून मी मडगार्ड कापले. जीप पुढून वाकली आणि मागून उठली. सासऱ्यांच्या पाया पडणारी सूनच जणू! माझी बायको सुमन दारातून बघत होती.

"अहो, पुढची चाकं मागच्यांच्या बरोबरीनं पळतील का?"

"तुला काय कळतंय त्यातलं? ट्रॅक्टरची पळतात ना?"

नवरा असा बोलायला लागला की ती सरळ भाकऱ्या टाकायला जायची.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळपर्यंत मी टायरशीच झटत होतो. मळका खाकी सदरा, हाताला ग्रीस, तसाच जीप घेऊन फाट्यावर गेलो. मध्यस्थी करणारे मामा तापानं पडलेले, त्यामुळे पाहुणे एकटेच आले. मुलगा, त्याचे वडील रामभाऊ आणि आत्याबाई. मी पुढे झालो तर आत्याबाईंनी पिशवी माझ्या हातात दिली.

"डायवर, नीट ठेव. आत फरसाण हाय."

मी म्हटलं, असू दे. घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून मुलीचा थोरला भाऊ म्हणून असा समोर येईन की बघत राहतील!

आता जीप चारही चाकांवर ओढते, हे पाहुण्यांना कळायला नको का? येताना रिकामी जीप मागच्या दोन चाकांवरच निभावली होती. मी फाट्यावरच चारही चाकं जोडणारा छोटा दांडा ओढला. आणि इथेच घात झाला. ट्रॅक्टरची पुढची चाकं नुसती मागून ढकलली म्हणून फिरतात, त्यांना इंजिन फिरवत नाही. जीपची मात्र चारही चाकं इंजिन एकाच चालीनं फिरवतं. म्हणजे मोठी चाकं एका फेऱ्यात चार पावलं टाकणार आणि लहान तीन! मागची म्हणताहेत पळा, पुढची म्हणताहेत थांबा. मुरमावर जीप कण्हायला लागली, मग किंचाळायला लागली.

"डायवर, काहीतरी वाजतंय," रामभाऊ म्हणाले.

"ताकद हाय तिची, ताकद!"

काळी माती सुरू झाली आणि खालून कडाड् असा आवाज झाला. पुढची चाकं गेली कामातून. मागची जागच्या जागी गरगरायला लागली.

शहाण्या माणसानं इथे गाडी बंद केली असती. मी ॲक्सिलेटर दाबला.

"अरे बाबा, आम्ही चालत जाऊ," आत्याबाई म्हणाल्या.

"बसा आत्याबाई! निघणार म्हंजी निघणार!"

मास्तर भला माणूस. तो खाली उतरला, मागून जोर लावायला लागला. मी पुन्हा दाबला. त्या दांडग्या टायरांची ती खोल नक्षी शेवटी एकदाची कामी आली. सगळा चिखल उचलून त्यांनी मास्तरच्या पांढऱ्या शर्टावर घातला! मी उतरून बघायला गेलो तर आडवा पडलो, आणि मीही नखशिखांत काळा झालो. तरी पुन्हा जाऊन बसलो, पुन्हा दाबला. जीप पोटावर टेकली.

एवढ्यात अण्णा ट्रॉली घेऊन आले. पाहुणे शेवटी ट्रॉलीतल्या कांद्याच्या गोण्यांवरच बसले. रामभाऊंनी विचारलं, "अण्णा, हा डायवर कुठून आणला?"

मुलीचा भाऊच इतका बेअक्कल म्हटल्यावर स्थळ गेलंच की! मी चिखलातून अण्णांना हात जोडले. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

"लांबचा नाय, इथलाच हाय. लहानपणापासून आमच्याकडंच."

"पगार काय देता?"

"पगार कसला? जेवणावर हाय. अन् तेबी लय जेवतो!"

"मुलीचे थोरले बंधू दिसत नाहीत?"

"त्यो नाशकाला गेलाय. लय हुशार हाय."

मग काय! घरात पोहे आणि सुपारी, आणि मी गोठ्यात म्हशीशेजारी. माझ्याच घरात! सुमन पितळीत चहा घेऊन आली. "घ्या डायवर," म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून पळाली. मी चिखल खरवडत आतला कानोसा घेत होतो. जीव नुसता टांगणीला लागला होता. शकूचं हे स्थळ माझ्या हट्टापायी गेलं असतं, तर मी तिला तोंड कसं दाखवणार होतो?

जाताना मास्तर अण्णांचं धोतर अंगावर गुंडाळून ट्रॉलीत बसला, आणि शकू दाराआडून त्याच्याकडे बघून हसत होती. तोही हसला. चार दिवसांनी मामा बरे झाले आणि होकार घेऊन आले. मी म्हशीच्या कपाळाला कुंकू लावलं.

पण साखरपुड्याला तर मला जायलाच हवं ना! मिशी कोरून घेतली, सफारी शिवला, डोळ्यावर काळा चष्मा चढवला. घोटीला एसटीनं गेलो, हे वेगळं सांगायला नको. मामांनी ओळख करून दिली, "हे मुलीचे थोरले बंधू."

रामभाऊ उठले, माझे दोन्ही हात धरले आणि मोठ्यानं हसले.

"या, या! त्या दिवशीच ओळखलं होतं आम्ही."

"कसं काय?" माझा चष्मा नाकावर घसरला.

"अहो, पगारी माणूस असता तर पहिल्याच खड्ड्यात म्हणाला असता, शेठ, निघत नाय, उतरा. पोटापर्यंत गाडी पुरून वर 'निघणार म्हंजी निघणार' म्हणायला, गाडी स्वतःच्या बापाचीच असावी लागते!"