अण्णांचे सोयरे

माझं शिक्षण नेमकं कशाचं चाललंय हे आमच्या चितेगावात अजून कुणालाही धड माहीत नाही, आणि त्यात माझा काडीचा दोष नाही. मी सांगते, लोक ऐकत नाहीत. "उंदरांच्या डोळ्यांवर संशोधन करते" म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग आपल्या घरातल्या उंदरांची तक्रार सुरू करतो. शेजारच्या काकूंनी तर एकदा मला हाताला धरून गव्हाच्या कोठीपाशी नेऊन उभं केलं. म्हणाल्या, "बघ बाई, इथनंच येतात मेले. तू एवढी शिकलीस, कायतरी कर." मला बघायला आलेल्या एका मुलानं विचारलं, "म्हणजे चष्मे देता का त्यांना?" आणि स्वतःच्याच विनोदावर चहा सांडेपर्यंत हसला. मी आतून फडकं आणलं, त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "पुसा." ते स्थळ तिथंच संपलं.

घरात एकट्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माझं काम कळलं होतं. कारण दुखणं त्यांचंच होतं.

डोळ्यांचं हे दुखणं आमच्या घराण्यात बापाकडून लेकराकडं येतं. आधी रातांधळेपणा, मग हळूहळू दोन्ही बाजूंचं दिसायचं बंद होतं आणि शेवटी नळीतून बघावं तेवढंच समोरचं उरतं. आजोबांना होतं, अण्णांना आहे. मला उतरलेलं नाही, मी तपासून घेतलंय. त्याचं सगळं श्रेय आई आपल्या माहेराला देते. देऊ दे बापडीला.

आमच्या प्रयोगशाळेत याच दुखण्याच्या उंदरांची एक जात आहे. पिल्लानं डोळे उघडले की काही दिवस सगळं झकास असतं. मग डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, अंधारात बघणाऱ्या पेशी मरायला लागतात. प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, पण कुठलं जनुक कधी आणि किती काम करतं ते बदलत राहतं. पडदा मरायच्या आधी कुठली जनुकं गप्प बसतात आणि कुठली बोंब ठोकायला लागतात, हे वेगवेगळ्या वयाच्या उंदरांत मोजायचं, हे माझं काम.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास तोंडापाशी थांबवून म्हणाले, "म्हणजे कोण किती बोलतं ते मोजायचं?"

"व्हय."

"मग तुझ्या आईपासून सुरुवात कर."

"करा की!" आई आतून ओरडली. "तुमचं ते मशीन जळून जाईल!"

त्या दिवसापासून अण्णा उंदरांना 'सोयरे' म्हणायला लागले. एकच दुखणं म्हणजे कुठंतरी नातं लागतच असणार, असा त्यांचा हिशोब. मी शहरात खोली घेऊन राहायचे, तर फोनवर माझी चौकशी नंतर. आधी, "सोयरे बरे आहेत का?" थंडी पडली की, "त्यांच्या खोलीत ऊब राहते ना?" औषधाचं मात्र कधी विचारायचे नाहीत. एकदाच विचारलं होतं. मी म्हटलं, "अजून नाय निघालं." तर म्हणाले, "नसू दे. घाई नको करू त्यांची."

इतका समजूतदार माणूस. पण मोटारसायकलचा विषय काढला की गेला समजूतदारपणा पाण्यात.

डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. अण्णांचं म्हणणं, डॉक्टर शहरातले, त्यांना पैठण रोड काय माहीत. पैठण रोडवरच्याच एका कारखान्यात अण्णांनी फिटर म्हणून जन्म काढला, तिथूनच रिटायर झाले. "तो रोड मला तोंडपाठ आहे," म्हणायचे. एकदा उसाच्या ट्रॉलीला हँडल घासलं, तर ट्रॉलीवाल्यालाच शिव्या. एकदा म्हशीला धडकता धडकता वाचले. घरी येऊन म्हशीच्या अकलेवर भाषण. आईनं चावी लपवली. फिटरच तो! कानशीनं घासून दुसरी चावी केली आणि दिवाळीचा किल्ला बनवल्यासारखी सगळ्यांना दाखवत हिंडले. ते बाहेर पडले की आई फाटकात येऊन उभी राहायची ती गाडीचा आवाज परत येईपर्यंत. मी भांडायचे. "एक दिवस कुणाच्या तरी लेकराला उडवाल, तवा कळंल." त्यांचं एकच उत्तर, "मला दिसतं." मला भीती वाटायची. फोन वाजला आणि पडद्यावर 'आई' दिसलं की माझा पहिला प्रश्न, "अण्णा कुठंयत?"

मग खंडेनवमी आली.

आमच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीला मशीनची पूजा होते. आमच्या मॅडम एरवी प्रत्येक वाक्याला पुरावा मागतात, पण त्या दिवशी सकाळी पहिला प्रश्न त्यांचाच असतो, "झेंडू आणला का?" झेंडू आणायचे उंदरांचं दाणापाणी बघणारे, उंदीरखोलीचे चाचा. सिल्लोडकडं त्यांची शेती आहे, तिथला पोतंभर झेंडू दरवर्षी त्यांच्याकडनंच. मग आम्ही पोरी फडकं घेऊन मशीन पुसतो, हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो. मागच्या वर्षी एकीनं कुंकू वाहिलं ते थेट सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला. महिनाभर सगळ्या उंदरांचे डोळे लाल दिसत होते.

हे मी फोनवर हसत हसत अण्णांना सांगितलं, आणि तिथंच चुकलं. अण्णा हसले नाहीत. कारखान्यात खंडेनवमीची पूजा वर्षानुवर्षं त्यांच्या हातची. "मशीनची पूजा म्हणजे पोरखेळ वाटला का तुम्हाला? मी येतो."

"अण्णा, गाडीवर नका येऊ. एसटीनं या. आणि दुपारनंतर या, सकाळी माझं काम चालू असतंय."

"बरं," म्हणाले. अण्णांच्या 'बरं'वर मी विश्वास ठेवला, याचंच मला आजही नवल वाटतं.

त्या सकाळी माझी शेवटची तपासणी लागली होती. सगळ्या वयांच्या उंदरांचे नमुने एकदम मशीनमध्ये, पीसीआरच्या. कुठलं जनुक किती बोललं ते हे मशीन मोजतं. मध्ये कुणी हात लावू नये म्हणून मी वहीएवढ्या पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'मशीन चालू आहे. हात लावाल तर बघा.' तो बोर्ड मशीनच्या डाव्या अंगाला चिकटवला आणि चाचांकडून झेंडू घ्यायला खाली गेले.

वर आले तर अण्णा हजर! नवा सदरा, हातात नारळ, खिशातून डोकावणारी अगरबत्ती. माझ्या मशीनला झेंडूचा हार घातलेला, कपाळ म्हणून जे काही असेल तिथं हळदकुंकू. आणि खोलीत एकदम शांतता. मशीनची घरघर नाही. पडद्यावर काही नाही.

"अण्णा!" मी किंचाळले. "मशीन बंद कुणी केलं?"

"मीच. मागं बटण असणार ते ठाऊकच होतं. चाचपलं, सापडलं." चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू. "अगं माय, चालू मशीनची पूजा करतंय का कुणी? तिलाबी एक दिवस विसावा नको?"

मग माझं तोंड सुटलं. नमुन्यांचा अर्धा भाग फ्रिजरमध्ये राखून ठेवलेला होता, पण राग आला की मला फ्रिजर आठवत नाही. मी काय काय बोलले! वर्षाची मेहनत, मुडदा बसवला त्या पूजेचा, एसटीनं या म्हटलं होतं, दुपारनंतर या म्हटलं होतं. मॅडम दारात येऊन थिजल्या. आणि शेवटी मी म्हटलं, "अहो, एवढा मोठा बोर्ड लावलाय, लाल अक्षरांत! तो तरी दिसला नाही का?"

अण्णांनी विचारलं, "कुठला बोर्ड?"

ते नाटक करत नव्हते. बोर्ड त्यांच्या डाव्या कोपरापासून हातभरावर होता. ते बघत होते माझ्याकडं, सरळ, नळीतून बघावं तसं. मी बोटानं दाखवलं. मग ते हळूहळू मान वळवायला लागले, वळवत वळवत नेली, आणि बोर्ड एकदम त्यांच्या डोळ्यांसमोर आला तेव्हा दचकून अर्धं पाऊल मागं सरले. हळूच वाचला. "हात लावाल तर बघा," ते पुटपुटले. "अक्षर तुझंच आहे."

माझा राग कुठल्या कुठं गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. हा माणूस असल्या डोळ्यांनी आज पैठण रोडवरून गाडी हाकत आलाय. कारण एसटीनं आले नव्हतेच ते. खिडकीतून खाली दिसत होती त्यांची मोटारसायकल, हार घालून सजलेली.

मॅडम बिचाऱ्या मध्ये पडल्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीचे उंदीर बघायचेत का?"

अण्णा लगेच म्हणाले, "सोयरे? बघू की."

उंदीरखोलीत बाहेरच्यांना जाऊ देत नाहीत, पण काचेतून बघता येतं. चाचांनी काचेपाशी दोन पिंजरे आणून ठेवले. एकात धडधाकट उंदीर, दुसऱ्यात आमच्या जातीतला म्हातारा, ज्याचे डोळे कधीच गेलेत. अण्णा काचेला नाक लावून बघत राहिले. एक उंदीर कोपऱ्यात मुटकुळं करून बसला होता. दुसरा सुसाट. घरट्यातून दाण्याकडं, दाण्यावरून पाण्याच्या बाटलीकडं, बाटलीच्या नळीला बरोबर तोंड, परत घरटं. कुठं धडकणं नाही, अडखळणं नाही.

"तो बसलाय तो आंधळा," अण्णांनी निकाल दिला. "बावळटासारखा बघतोय बघ. आणि हा पळतोय तो ठणठणीत."

"उलटं आहे, अण्णा."

"काय सांगतेस!"

"त्याला त्याचं घर पाठ आहे."

अण्णा खूश झाले. आपलाच कुणी दहावीला पहिला आल्यासारखे खूश. "बघितलंस? पाठ असलं की डोळे लागत नाहीत. मी काय म्हणतो मग!"

मला पुन्हा चीड यायला लागली होती. तेवढ्यात आत चाचांनी त्या म्हाताऱ्याच्या पिंजऱ्याची बाटली भरायला काढली. भरून आणली आणि त्यांच्या हाताला जवळ पडली त्या बाजूला, म्हणजे आधीच्या जागेच्या बरोबर समोर लावली. मुद्दाम नाही. त्यांचं लक्ष माझ्याकडं होतं, काचेपलीकडून खुणेनं विचारत होते, "अब्बा हैं क्या?" मी मान हलवली.

म्हातारा उंदीर घरट्यातून निघाला. सुसाट, मघासारखाच. बाटली जिथं होती तिथं पोचला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि हवेलाच तोंड लावलं. खाली उतरला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा हवा. मग तिथंच इकडून तिकडं हुंगत राहिला. भरलेली बाटली त्याच्या पाठीमागं होती.

अण्णांनी काचेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "त्याला सांगा की कुणीतरी, बाटली हलवली म्हणून."

मी म्हटलं, "सापडंल त्याला. वेळ लागंल."

"लागंल," ते म्हणाले, "पण सांगायला पाहिजे होतं."

मॅडमनी फ्रिजरची आठवण करून दिली, मी फ्रिजर उघडून डब्या डोळ्यांनी बघितल्या आणि मग कुठं माझा जीव भांड्यात पडला. सगळी मशीनं बंद करून अण्णांच्या हातानं रीतसर पूजा झाली. नारळ त्यांनी एका फटक्यात फोडला. मॅडमनी त्यांना वाकून नमस्कार केला, त्यावर ते पुढचे कित्येक दिवस फुगले होते.

ऊन उतरायला लागल्यावर आम्ही खाली आलो. मी तोंड उघडायच्या आधीच अण्णांनी चावी माझ्यासमोर धरली. ती कानशीनं घासलेली.

"तूच चालव आज. हा हार हँडलवर आडवा येतो, पुढचं दिसत नाही."

हार हँडलच्या खाली लोंबत होता. मी म्हटलं, "व्हय, लईच मोठा हार आहे."

मागं बसून त्यांनी मला गाडी शिकवायला सुरुवात केली. जसं काही मी आयुष्यात पहिल्यांदा क्लच बघतेय. पैठण रोडला लागलो तसे डोळे मिटूनच बसले असणार, कारण त्यांचं सगळं पाठांतर सुरू झालं. "आता वळण. आता कंपनीचं गेट. आता पंप येईल, पंपाच्या पुढं मोठा खड्डा, उजवीकडनं काढ." मी उजवीकडनं काढली. "शाब्बास," ते म्हणाले. "त्या खड्ड्यात लई जण पडलेत. मी रोज चुकवतो."

तिथं खड्डा नव्हता. रस्ता रुंद केला तेव्हाच तो बुजवला होता, नवं डांबर चकाकत होतं. आणि उजवीकडून, मी जिथं गाडी घातली होती तिथूनच, मागनं एक ट्रक हॉर्न बोंबलत अंगावरून गेला. रोज. हा माणूस नसलेला खड्डा चुकवायला रोज ट्रकच्या वाटेत शिरत होता.

मी गाडी कडेला घेतली, थांबवली.

"काय झालं?"

सांगायला पाहिजे होतं, असं त्यांनीच म्हटलं होतं. मी मागं वळले नाही. म्हटलं, "अण्णा, बाटली हलवलीय."

शेजारून दोन रिक्षा गेल्या. हारातलं एक फूल माझ्या पायावर पडलं.

"कधी?"

"लई महिने झाले."

"आं? मग आधी नाय का सांगायचं? उगंच एवढे दिवस गाडी वाकडी करतोय मी." आणि मग, गाडी पुन्हा चालू केली तेव्हा, त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि घट्ट बसला. "चल. पुढं काय काय दिसतंय ते सांगत चल."

मी सांगत गेले. दुभाजक, नवा. डाव्या हाताला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, तेही नवं. समोर झेंडूनं सजलेला ट्रॅक्टर, त्याच्यावर पोरं. आणि मग आमचं फाटक, आणि फाटकात आई. तिला आधी गाडीचा आवाज ओळखू आला आणि मग ती गाडीवर पुढं कोण बसलंय ते बघत राहिली.