दसऱ्याला मी दही टांगलं

आमच्या घरी दसऱ्याचा मुख्य पदार्थ ठरवताना माझं मत विचारलं जात नाही. एकदा विचारलं होतं. त्या एका दसऱ्यावरून घरातल्या बायका मला आजतागायत ऐकवतात, आणि दर वेळी गोष्ट माझ्यावरच शेकते. म्हणून आज मी माझी बाजू मांडणार आहे. (मला बाजू आहे. हसू नका.)

मी सरकारी कंपनीतला बदलीचा माणूस. बदली होऊन कोलकात्याला आलो आणि वरच्यांना बहुधा माझा विसर पडला, त्यामुळे बालीगंजच्या फ्लॅटमध्ये आमचं बूड चांगलंच टेकलं. आमची सई इथेच वाढली. तिचं मराठी असं, की तिला भूक लागत नाही, बंगाल्यांसारखी भूक 'पावते'. त्या वर्षी बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच आई साताऱ्याहून दसऱ्याला आमच्याकडे आली होती. परक्या गावात आईला सण परका वाटू नये, एवढी एकच माझी इच्छा होती. यात माझं काही चुकलं का? तुम्हीच सांगा.

अष्टमीला जेवणाच्या टेबलावर बैठक भरली.

"बासंती पोलाव आणि कोशा मांगशो," सईने जाहीर केलं.

"दसऱ्याला मटण? आजी घरात, देवापुढे घट बसलेले, आणि ताटात मटण?"

"बरं, मग नुसता पोलाव. तो तर भातच आहे, बाबा. पिवळा."

माधवी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "मी सांगू? साधं वरणभात, बटाट्याची भाजी करू आणि कोपऱ्यावरून जिलबी आणू. चार दिवस खाली पूजेच्या मांडवात ढाक वाजतोय, माझं डोकं उठलंय."

वरणभात. सणाला. माझ्या आईसमोर. मी टेबलावर हात आपटला. "श्रीखंड-पुरी! आमच्याकडे दसऱ्याला दुसरं काही शिजलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही. आईला विचारा हवं तर."

आई शेजारीच वाती वळत बसली होती. तिने मान वर करून तोंड उघडलं.

"बघा," मी म्हणालो, "आई नाही म्हणतेय का?"

आईने तोंड मिटलं आणि पुढची वात घेतली.

"आणि करणार कोण?" माधवीने शांतपणे विचारलं. तिचा शांतपणा ओळखायला मी एव्हाना शिकायला हवं होतं. "मी करीन," मी म्हणालो. "दही टांगायचं, साखर घालायची, घोटायचं. त्यात आहे काय एवढं?" (श्रीखंड जन्मभर फक्त खाल्लेला माणूसच असं बोलू शकतो, हे मला नंतर तिघींनी आळीपाळीने समजावलं.)

नवमीच्या संध्याकाळी देवी बघायला निघालेल्या अख्ख्या कोलकात्याच्या कोपरांतून वाट काढत मी मिठाईच्या दुकानात पोचलो. दुकानदाराने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "टक दोई शेष." म्हणजे आंबट दही संपलं. दशमीला इथे देवीला दही-लाह्यांचा नैवेद्य असतो, त्यामुळे साधं दही लोकांनी आधीच उचललेलं. उरलं होतं ते मिष्टी दोई. मातीच्या मडक्यांत लावलेलं, दूध आटवून केलेलं, बदामी रंगाचं गोड दही.

दुसरा कोणी असता तर हात हलवत परत गेला असता. मी विचार केला. श्रीखंडाला काय लागतं? दही. हे दही आहे. आणखी काय लागतं? साखर. ती यात आहेच. म्हणजे निम्मं काम दुकानदारानेच करून ठेवलंय. कोलकात्यात इतकी मराठी माणसं आली आणि गेली, एकाच्याही डोक्यात ही गोष्ट कशी आली नाही याचं मला नवल वाटलं. मी मडकी घेऊन निघालो तेव्हा दुकानदाराने पहिल्यांदा वर पाहिलं आणि विचारलं, "बाडी में भोज है, दादा?" म्हणजे घरी पंगत आहे का.

घरी माधवीने मडकी पाहिली. "हे टांगणार तुम्ही?"

"चक्का होतो की नाही बघच."

"माझ्या स्वयंपाकघरात नाही टांगायचं. नळाला नाही, खिडकीला नाही, कशालाच नाही."

घरचा माणूस सणासाठी राबतोय आणि त्याला नळसुद्धा मिळू नये! मी माझा जुना पंचा धुऊन घेतला, त्यात दही ओतलं आणि गाठोडं बाल्कनीबाहेरच्या कपडे वाळत घालायच्या दांडीला बांधलं. एक मडकं पंच्यात मावलं नाही, ते फ्रिजमध्ये ठेवलं. खाली भांडं ठेवायचं लक्षात होतं, पण दांडी बाहेर होती आणि भांडं हवेत राहत नाही. थोडं पाणी गळेल, गळू दे, असं म्हणून मी समाधानाने झोपलो.

सकाळी दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरच्या माशीमा, म्हणजे मावशी. वयाने आईच्या बरोबरीच्या, तोंडाने गोड, पण त्या दिवशी ते गोड तोंड मिटलेलं होतं. हातात घडी केलेली साडी. पांढरी रेशमी, रुंद लाल काठांची गरद. दशमीला देवीला निरोप देताना इथल्या सवाष्णी नेसतात ती. माशीमांच्या लग्नातली. वर्षातून एकदा कपाटातून बाहेर निघणारी. रात्री त्यांनी ती हवा लागावी म्हणून बाल्कनीत पसरली होती. माझ्या गाठोड्याच्या बरोब्बर खाली.

"दादा, ये क्या गिरा?" त्यांनी घडी उलगडली. पदरापासून निऱ्यांपर्यंत बदामी डाग, आणि डागांवर मुंग्यांची रांग.

"श्रीखंड," मी म्हणालो. यापेक्षा वाईट उत्तर मला आजपर्यंत सुचलेलं नाही.

"बाबांनी मिष्टी दोई टांगलं," सईने बंगालीतून खुलासा केला. माशीमा माझ्याकडे बघतच राहिल्या. साडी गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावरून उतरलं आणि तिथे माझ्याबद्दलची काळजी आली. दह्याला आम्ही महाराष्ट्रात काय शिक्षा देतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"आता मी नेसू काय?" त्या पुटपुटल्या.

आणि इथे आई उठली. साताऱ्याहून आलेली, कोणाचं नुकसान झालं की जिला राहवत नाही, अशी आमची आई. ती माधवीच्या कपाटातून पैठणी घेऊनच बाहेर आली. मोतिया रंगाची, लाल काठांची. माधवीची लग्नातली. "ही घ्या, माशीमा. आमच्या सुनेची आहे, तिची काही हरकत नाही."

आईला बिचारीला काय ठाऊक, की देवीला निरोप देताना इथल्या बायका एकमेकींच्या कपाळाला, गालांना आणि हाताला लागेल तिथे मुठीमुठीने शेंदूर फासतात. माधवीला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. माशीमांनाही ठाऊक होतं, त्या "ना ना" म्हणत मागे सरकत होत्या. पण सासूने दिलेला शब्द माधवी मोडणार कशी? "घ्या ना, माशीमा," ती हसून म्हणाली आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला भीती कशाची वाटते असं कोणी विचारलं तर मी ते हसू सांगेन.

इकडे गाठोडं सोडलं. आत चक्का नव्हता. साबणाच्या वडीसारखं काहीतरी चिकट होतं आणि त्यात मुंग्यांचा दसरा चालू होता.

"झालं," मी खाली बसलो. "आई, तुझा दसरा मी वाया घालवला. श्रीखंडाशिवाय तुला सण कसला वाटणार?"

"मला?" आई म्हणाली. "मला श्रीखंड कधी आवडतं?"

"कधीच नाही?" मी विचारलं.

"तुझ्या बाबांना आवडायचं. तुला आवडायचं. मी आपली आदल्या दिवसापासून दही बांधायचं, चक्का पुरणयंत्रातून काढायचा, खांदे दुखेपर्यंत घोटायचं. पंगत उठेपर्यंत माझी वासनाच मेलेली असायची. मी वरणभात खायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"परवा बोलणारच होते. तू म्हणालास, आई नाही म्हणतेय का."

माधवी आणि सई दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी पंचा धुवायला गेलो. तिथूनच ऐकलं, सई विचारत होती, "आजी, मग तुला काय हवं?" आई म्हणाली, "असं मला कोणी कधी विचारलंच नाही गं. तू तो पिवळा भात म्हणत होतीस ना, तो कर."

पोलाव सईने केला, पुऱ्या माधवीने तळल्या. काजू, बेदाणे, साजूक तूप, वरून किंचित साखर. आईने दोनदा मागून घेतला. (मी तीनदा. पण मी रागाने खात होतो.) शेवटी तिने फ्रिजमधलं ते राहिलेलं मडकं काढलं, पुरीचा तुकडा बुडवून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"काय सुंदर दही आहे रे हे," ती म्हणाली. "हे कशाला टांगलंस?"

संध्याकाळी माशीमा सगळ्यांसाठी नारळाचे लाडू घेऊन आल्या, अंगावर पैठणी. पैठणी आता मोतिया नव्हती. काठ कुठे संपतात आणि साडी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. आईने कौतुकाने पाहून घेतलं आणि म्हणाली, "माधवी, रंग किती खुलला बघ." माधवीने माझ्याकडे बघून परत ते हसू हसलं. पैठणी आणि गरद अशा दोन्ही साड्या धुलाईवाल्याकडे नेणं-आणणं पुढे महिनाभर माझ्याकडे होतं, आणि त्याने प्रत्येक वेळी मला विचारलं की नेमकं सांडलं काय.

रात्री साताऱ्याहून मावशीचा फोन आला. आई बाल्कनीत बोलत होती, आवाजात अभिमान होता.

"अगं, दसरा फार छान झाला. नातीने जेवण केलं, सुनेने पैठणी दिली शेजारणीला. आणि हो, आमच्या चिरंजीवांनीसुद्धा मदत केली ना. काय केलं म्हणजे? दही आणलं."