बाईंच्या मशीनवर टोपली नव्हती

पाणीमापन कार्यालयात त्याला सगळे भिंगरी म्हणत. काम संगणकांच्या देखभालीचं. पण खुर्चीत बसला तरी एक पाय टेबलाखाली हलत असे.

टर्मिनलची, म्हणजे संगणकाला कमांड टंकून द्यायची, काळी खिडकी उघडली की त्या कमांड पाळणारा प्रोग्रॅम, शेल, आधी एक लपवलेली फाइल वाचतो आणि मालकाच्या सवयी समजून घेतो: कुठल्या कमांडचं आखूड नाव काय, कुठे कोणता रंग. लोक ही फाइल एकदा लिहून विसरून जातात. भिंगरीला ते जमेना. आज रंग बदल, उद्या एखादी कमांड दोन अक्षरांवर आण, परवा कुणा परक्याच्या ओळी इंटरनेटवरून आणून डकव. सुट्टीच्या दिवशीही घरी तेच.

"नळ गळतोय, आणि तुझं काय चाललंय?" बायको विचारी.

"झालंच, एकच ओळ."

त्यातली एक ओळ मात्र कामाची होती. फाइल पुसायची कमांड दिली तरी त्याच्या मशीनवर ती पुसली जात नसे. एका टोपलीत जाऊन पडे. त्यामुळे पुसताना त्याचा हात कधी अडखळत नसे.

पुराचा हंगाम सरला आणि नद्यांच्या नोंदी तपासणाऱ्या मोठ्या बाईंचा संगणक तुडुंब भरला. "जुन्या नकला तेवढ्या काढून द्या," त्या म्हणाल्या. भिंगरीने उभ्याउभ्याच कमांड दिली. फोल्डरचं नाव चुकलं. तो हसला आणि टोपली उघडायला गेला.

"बाई, तुमची टोपली कुठेय?"

"कसली टोपली?"

टोपलीची ओळ त्याच्या फाइलीत होती. बाईंच्या मशीनला तिचा पत्ताच नव्हता.

"बाई, यंदाच्या तपासलेल्या नोंदी गेल्या. माझ्या हातून."

बाई ओरडल्या नाहीत. चष्मा काढून पुसत बसल्या. त्याला ते ओरडण्याहून जड गेलं.

सर्व्हरवरची प्रत पुराआधीची निघाली. मग एकेका मापन केंद्राला फोन लावायचा, तिथल्या माणसाने आकडे वाचायचे, भिंगरीने टंकायचे, बाईंनी तपासायचे. जागचं हलायची सोय नव्हती. फोनच्या वायरला पीळ घालूनघालून त्याने तिची पार गाठ करून टाकली.

एकदा पलीकडून फोन उचलला जाईना, तेव्हा बाई म्हणाल्या, "ती तुमची फाइल दाखवा बरं."

त्याने उघडली. ती संपता संपेना.

"ही ओळ कशासाठी?"

"फोल्डरची नावं रंगीत दिसतात."

"आणि ही?"

"कुणाची तरी घेतली होती."

"पण करते काय?"

त्याचे कान तापले. "माहीत नाही."

"मग ठेवलीय कशाला?"

त्याने ती ओळ काढली. जिचं काम सांगता येईना किंवा जिच्यावाचून अडत नाही ती ओळ काढायची, असं करत दोघं खाली उतरत गेले. टोपलीपाशी आल्यावर तो थांबला. पुसायच्या कमांडचा मूळ अर्थच आपण बदलून ठेवला होता, हे त्याला तेव्हा उमगलं. त्याने टोपलीत टाकायच्या कमांडला स्वतंत्र नाव दिलं आणि पुसायची कमांड होती तशी केली. आता टोपलीचं नाव परक्या मशीनवर टंकलं, तर ते फार तर 'अशी कमांड नाही' म्हणेल. पुसणार काहीच नाही.

नोंदी जमल्या. एका केंद्राचं दप्तर पुरातच वाहून गेलं होतं. तिथले रकाने कोरे राहिले. "खाली माझं नाव टाका," भिंगरी म्हणाला. बाईंनी 'कार्यालयीन चूक' एवढंच लिहिलं आणि अहवाल पाठवून दिला. त्याला सुटल्यासारखं वाटलं नाही.

उरलेली फाइल त्याने सर्व्हरवर ठेवली, प्रत्येक बदलाच्या नोंदीसकट, आणि तीच सगळ्या मशीनवर आणली. बोटं मात्र जुनी आखूड नावंच टंकत राहिली. मशीन नाही म्हणे. तो उठे, खिडकीशी जाई, परत येई. काढलेल्या ओळींपैकी एकीची तरी कधी गरज पडेल, याची तो वाट बघत राहिला. पडली नाही.