आई फोटो बघायला जायची तेव्हा

मी वसईचं पाचूबंदर सोडलं त्या दिवशी आई बाजारात गेली. मासळी विकून दुपारी परतली, हात धुतले आणि माझ्या कपाळावर क्रूस काढला. संध्याकाळी विमानतळावर न्यायला जीप आली. तिने एवढंच सांगितलं, "फोनवर सगलीच बरी असतात. तू फोटो पाठव."

कॅनडात पहिली दोन वर्षं मी रोल धुऊन टपालाने फोटो पाठवत होतो. पाकीट पोचेपर्यंत इथला ऋतू बदललेला असे. मग डिजिटल कॅमेरा घेतला आणि फोटो ठेवण्याच्या एका साइटवर खातं उघडलं. त्या साइटचे उपकार मी नाकारत नाही. बर्फात उभा असलेला मी, माझी खोली, माझं जेवणाचं ताट त्याच दिवशी वसईत धाकट्या भावाला, पास्कूला, आणि मस्कतला बहिणीला दिसू लागलं. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना ही सोय केवढी मोठी होती ते सांगायला नको.

पास्कू रविवारच्या चर्चमधल्या मिस्सानंतर आईला सायबर कॅफेत न्यायचा. तिथल्या गमती मला फोनवर कळायच्या. एकदा कॅफेवाला तिला म्हणाला, "मावशी, काचेला हात नको लावू, डाग पडतात." आई म्हणाली, "माज्या पोराच्या गालाला लावतंय, तुज्या काचेला नाय." सगळा कॅफे हसला. मीही इथे हसलो.

पण तिचा हात गालापर्यंत पोचायच्या आत फोटो सरकायचा. स्लाइड शो कसा थांबवायचा ते पास्कूला बरेच महिने सापडलं नाही. असल्या साइटनी म्हाताऱ्या माणसांसाठी एक ठळक बटण ठेवायला हवं होतं, नुसतं थांबण्याचं. फोटोखाली देवनागरीत लिहिलं की चौकोन उमटायचे, म्हणून मी इंग्रजीत लिहायचो. आईला तसं कुठलंच अक्षर वाचता येत नव्हतं. तिथे लिहिण्याऐवजी बोलून ठेवता आलं असतं तर? 'आई, हा माझा नवा कोट,' एवढंच.

साइटवर एक आकडाही असायचा, फोटो किती वेळा पाहिला गेला त्याचा. रविवारी तो वाढला की मला बरं वाटे. आई येऊन गेली, असं मी मनाशी म्हणे. हळूहळू दर आठवड्याचा फोन पंधरा दिवसांवर गेला. फोटो पोचत होते, आकडा वाढत होता, मग फोन कशाला, असं मी कधी ठरवलं नव्हतं. ते तसं होत गेलं.

आई गेली ती एकाएकी, छातीत कळ येऊन. मला तिकीट मिळेपर्यंत माती झाली होती. आपल्याकडे पेटी बंद करायच्या आधी सगळं घर तिच्याभोवती उभं राहून फोटो काढतं, तो मुख्यतः बाहेरगावच्या माणसांसाठी. पास्कूने तो फोटोवाल्याकडून घेऊन त्याच साइटवर चढवला. मला तो माझ्या टेबलापाशी दिसला. खाली नेहमीची जाहिरात होती: हा फोटो कपावर छापून घ्या. फोटो कशाचा आहे, हे त्या साइटला विचारायला सुचलेलं नव्हतं.

मी पुन्हा पुन्हा बघत राहिलो. आईच्या अंगावरचं लाल चौकड्यांचं लुगडं माझ्या ओळखीचं नव्हतं. पास्कूला फोन करून विचारलं.

"ते व्हय? तुझे फोटो बघायला जायची ना, तेव्हाचं. त्याच्यावर सोन्याची पोत पन घालायची."

"कॅफेत जायला?"

"दादा, तिला वाटायचं, ती तुला बघते तसा तू पन तिला बघतोस."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"कसं सांगनार? दर खेपेला विचारायची, नीट दिसतंय ना रे मी त्याला? आम्ही हो म्हनायचो."

मी विचारलं, त्या लुगड्यातला तिचा आधीचा एखादा फोटो आहे का.

"तू मागितलास कुठे?" पास्कू म्हणाला. "कॅमेरा तर तुझ्याकडे होता."

तो रागाने बोलला नव्हता.

या साइट खूप सुधारल्या आहेत. आता मराठीत लिहिता येतं, फोटो हवा तेवढा वेळ थांबतो. माझी अजून एकच सूचना उरते. पाठवणाऱ्याने फोटो चढवला की त्याला विचारावं, बघणारं माणूस कसं दिसतं ते तू कधी पाहिलंस? हे यंत्राने विचारावं लागतं, याचीच मला लाज वाटते.

पाचूबंदरचं घर आता पास्कूचं आहे. मी जातो, आठ-दहा दिवस राहतो, त्याची मुलं मला भराभर फोटो पाठवतात. मला घर म्हणावंसं वाटतं ते त्या कॅफेतल्या खुर्चीला, जिथे मी कधी गेलो नाही. कॅफे बंद झाला आहे. बर्फातले माझे सगळे फोटो माझ्याकडे आहेत. त्या वर्षांतला आईचा एकच आहे, आणि त्यात तिचे डोळे मिटलेले आहेत.